नळाच्या फळ्यावरचे तीन शब्द

किशोरने ते पुस्तक शेवटची पानं न बघता घेतलं, आणि पुढचं सगळं रामायण त्यातूनच घडलं.

रविवारी हैदराबादेत अबिड्सच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो. दुकानं बंद, शटरपुढे पुस्तकांचे ढीग. तिथे त्याला हे सापडलं. इंग्रजी शब्दांची कोडी. एक शब्द, खाली चार अर्थ, बरोबर त्यावर खूण करा. मुखपृष्ठावर टाय लावलेला एक माणूस बोट रोखून उभा, जसं काही किशोरलाच म्हणतोय की तुझंच काम आहे हे. किशोर भारावला. भारावलेला माणूस पानं मोजत नाही. घरी येऊन बघितलं तर प्रत्येक धड्याखाली लिहिलेलं, 'उत्तरं शेवटी पाहा', आणि शेवट नव्हताच. उत्तरांची पानं कोणीतरी फाडून नेली होती. बहुतेक भुईमुगाच्या शेंगा बांधायला. म्हणजे हैदराबादेत कुणीतरी बरोबर उत्तरांतून शेंगा खाल्ल्या, आणि किशोरच्या वाट्याला आले नुसते प्रश्न.

शब्दांची एवढी निकड का, तर किशोर कुकटपल्लीच्या एका कारखान्यात स्टोअरला होता. इलेक्ट्रिक पॅनल बनवायचे तिथे. चार वर्षं टेंपररी. पंच्याण्णव साल ते. तेव्हा दर पंधरा दिवसांनी कुठली तरी परदेशी कंपनी कुठल्या तरी देशी कंपनीच्या गळ्यात हार घालायची. यांच्या गळ्यात एका जर्मन कंपनीने घातला. नोटीस लागली: एक्स्पोर्टचं नवीन ऑफिस, दोन जागा, आधी सहा महिने बघणार मग पर्मनंट, दसऱ्यानंतर इंग्रजी शब्दांची लेखी परीक्षा. स्टोअर शहराबाहेर शेडमध्ये हलणार. टेंपररी लोकांचं काय, यावर नोटिशीत एक अक्षर नव्हतं. नोटिशीत जे लिहिलेलं नसतं ते वाचायला इंग्रजी लागत नाही.

त्यात घरचा एक पेच होता. त्याच्या आईने, सावित्रीबाईंनी, तो कामाला लागला त्याच दिवशी सगळ्या बिल्डिंगला पेढे वाटून मुलगा पर्मनंट झाल्याचं सांगून टाकलं होतं. किशोर तेव्हा म्हणाला होता, आई, मी टेंपररी आहे. तर ती म्हणाली, "आज ना उद्या होशीलच की. पेढे आज ताजे हाईत." चार वर्षं झाली. आता नोकरी गेली असती तर ती न मिळालेली पर्मनंट नोकरी गेली असती, आणि तिचं दुःख बारा बिऱ्हाडांसमोर करावं लागलं असतं.

डिक्शनरी का नाही बघितली, असं कुणी विचारेल. त्याच्याकडे खिशातली डिक्शनरी होती. पण तिच्यात शब्दही खिशातलेच. टेबल होतं, टॉवेल होता. पुस्तकातला एकही शब्द तिच्या ओळखीचा नव्हता. म्हणून तो एका सरकारी वाचनालयात गेला. मोठी डिक्शनरी तिथे होती, काचेच्या कपाटात, दिसत होती. पण कपाटाची चावी ज्या साहेबांकडे ते लग्नाला विजयवाड्याला गेलेले, आणि तसंही ती फक्त सभासदांसाठी. सभासद व्हायचं तर फॉर्म. फॉर्ममध्ये सातव्या रकान्यात कारखान्याचा दाखला, की अर्जदार पर्मनंट आहे. किशोर तो रकाना बराच वेळ बघत बसला. पर्मनंट व्हायला शब्द पाहिजेत, शब्दांना डिक्शनरी पाहिजे, डिक्शनरीला पर्मनंट पाहिजे. सरकारने वर्तुळ आखलं की त्यात फट नसते.

मग त्याला फळा आठवला.

तो राहायचा त्या बरकतपुऱ्यातल्या विजय निवासच्या जिन्याखाली एक काळा फळा आहे. नळाचा फळा. पाणी एक दिवसाआड येतं आणि किती वाजता येतं ते लाइनमनच्या मनात असतं. ते मनातलं काढून आणायचं काम हिम्मतरावांचं. हिम्मतराव पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेले. लाइनमनला चहा पाजायचे, वेळ काढून घ्यायचे, आणि फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात चौकट आखून लिहायचे. खाली सही. नळाच्या वेळेखाली सही करणारा माणूस अख्ख्या शहरात दुसरा नसेल. फळ्याचा बाकी भाग रिकामाच असायचा.

किशोरचा विचार साधा होता. रोज तीन शब्द लिहायचे, खाली चार-चार अर्थ. बारा घरं. कुणाला ना कुणाला येतच असेल.

हिम्मतराव म्हणाले, "मियां, कल्पना चांगली आहे. अर्ज दे."

"काका, तुम्ही समोरच उभे आहात."

"म्हणूनच म्हणतो. दोन प्रतींत दे."

अर्ज झाला. हिम्मतरावांनी तो स्वतःकडेच घेतला, दोन दिवस स्वतःकडेच विचाराधीन ठेवला, आणि तिसऱ्या दिवशी अटींसकट मंजूर केला. चौकटीला हात लावायचा नाही. ज्याला जो अर्थ बरोबर वाटेल त्याने त्यापुढे खडूने रेघ मारायची. एका घराची एक रेघ. रात्री मोजणी, आणि जास्त रेघा तो अर्थ मंजूर. किशोर हळूच म्हणाला की काका, अर्थ मतांनी कसा ठरेल. हिम्मतराव म्हणाले, लोकशाहीत दुसऱ्या कशाने ठरतो?

आता इथे हैदराबादची एक गोष्ट सांगायला पाहिजे. या शहरात कुणाला पत्ता विचारला तर 'माहीत नाही' असं उत्तर मिळत नाही. मिळणारच नाही. माणूस सायकलवरून उतरेल, खांद्यावर हात ठेवेल, आणि 'हौ, सामनेच है, सीधा जाव' म्हणून अशा आपुलकीने चुकीच्या गल्लीत पाठवेल की तुम्ही त्याचे आभार मानत चुकाल. पाहुण्याला रिकाम्या हाताने कसं पाठवायचं, ही भावना. विजय निवासमधली मराठी माणसं तीन-तीन पिढ्या इथे राहिलेली. त्यांच्या अंगात ही मेहमाननवाझी पुरती मुरलेली होती.

पहिल्या दिवशीच्या शब्दांत 'फ्रुगल' होता. अर्थ होते जंगली, काटकसरी, फळांनी लगडलेला, आणि भांडखोर. सकाळी सातला हिम्मतराव आले, चष्मा पुसला, आणि 'फळांनी लगडलेला' यापुढे अशी ठसठशीत तिरकी रेघ मारली की मागच्या माणसाला दुसरीकडे मारायची हिंमत होऊ नये. झाली नाही. अंबरपेठेत भांड्यांचं दुकान असलेले नामदेवराव आले. ते आधी विचारायचे, हवा कुणाची आहे? मग हवेकडे रेघ. रात्री सात मतांनी 'फळांनी लगडलेला' निवडून आला.

एकच गडबड होती. 'काटकसरी' यापुढे रेघ नाही, एक पांढरा ठिपका होता. ओल्या बोटाने पीठ लावावं तसा. किशोरने हिम्मतरावांना दाखवला. त्यांनी निर्णय दिला, मत म्हणजे रेघ, ठिपका बाद. कुणा पोराचं काम असेल. किशोरने फडक्याने पुसून टाकला आणि वहीत लिहून घेतलं, फ्रुगल म्हणजे फळांनी लगडलेला.

दुसऱ्या दिवशी ठिपका पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. सगळ्यांच्या रेघा एकीकडे आणि हा पठ्ठ्या दुसरीकडेच कुठेतरी एकटा. किशोर रोज पुसायचा.

पंधरा दिवसांत बिल्डिंगला शब्दांचं वेड लागलं. पूर्वी जिन्यात भेटले की लोक विचारायचे, पाणी किती वाजता? आता विचारायचे, तुम्ही कुणाला दिलं? दुसऱ्या मजल्याने पहिल्या मजल्याच्या विरोधात मत द्यायचं ठरवलं, शब्द कोणता ते न बघता. नामदेवराव दुकानात गिऱ्हाइकाला म्हणायला लागले, ताई, एकदम फ्रुगल पातेलं आहे, घेऊन जा. सावित्रीबाई सुद्धा चष्मा लावून फळ्यापुढे उभ्या राहायच्या. त्यांना इंग्रजी अक्षरं येत नव्हती, पण कुठला अर्थ दिसायला सोज्वळ आहे ते त्यांना कळायचं, म्हणे. आणि किशोरची वही भरत होती. शंभर शब्द झाले तेव्हा त्याला आपली छाती जराशी रुंद झाल्यासारखी वाटली. बसमध्ये तो मनातल्या मनात इंग्रजीत विचार करायला लागला. विचार तेच होते, कुकटपल्ली कधी येणार हाच, पण भारदस्त वाटायचे.

अशात एकनाथरावांचा सत्कार आला. एकनाथराव म्हणजे स्टोअरचे इन्चार्ज, तीस वर्षं सर्व्हिस. नवीन एक्स्पोर्ट ऑफिसचे प्रमुख सुधीरसाहेब पुण्याहून नुकतेच आले होते, ते मागच्या रांगेत बसले होते. किशोरला दोन शब्द बोलायला सांगितलं. त्याने बरोबर दोनच शब्द महत्त्वाचे वापरले. एक 'सर', आणि दुसरा 'ऑब्सोलीट', जो विजय निवासमध्ये सात मतांनी 'सर्वांना वंदनीय' असा मंजूर झालेला होता. इंग्रजीत म्हणाला, सर, या कारखान्यात तुमच्याइतका ऑब्सोलीट माणूस दुसरा नाही.

टाळ्या पडल्या. एकनाथरावांचे डोळे भरून आले, त्यांनी किशोरला मिठी मारली. फक्त मागच्या रांगेत सुधीरसाहेबांना एकदम खोकला आला आणि ते रुमाल तोंडाला लावून बाहेर गेले. किशोरला वाटलं, पुण्याच्या माणसाला इथली धूळ सोसत नसेल.

परीक्षेला तेरा दिवस राहिले आणि पाण्याने दगा दिला. पाण्याने म्हणजे किशोरनेच. त्या संध्याकाळी तो ओव्हरटाइम करून दमून आला होता. फळ्यावर बघतो तर ठिपका, आणि या वेळी पार उजवीकडे, चौकटीला खेटून. त्याचं टाळकं फिरलं. कोण आहे हा रोज एकटा शहाणा? त्याने फडकं बादलीत ओलं केलं आणि सगळा राग काढून ठिपका पुसला. ठिपक्याबरोबर चौकटही गेली. चौकटीत नुकतंच लिहिलेलं, अजून कुणी न वाचलेलं, उद्या पाणी पहाटे पाच ते साडेपाच.

दुसऱ्या दिवशी पाणी पाचला आलं, अर्धा तास कुणाची वाट बघितली, आणि गेलं. विजय निवास गाढ झोपेत, फळा बघूनच गजर लावणारे हिम्मतरावसुद्धा. सातला बारा घरांतून एकदम तोट्यांचा खरखराट ऐकू आला. नळ घसा साफ करत होता.

गच्चीवर मीटिंग झाली. बायकांनी रिकाम्या कळशा पुराव्यासारख्या समोर मांडल्या होत्या. हिम्मतराव उभे राहिले. ते रागावले नव्हते, त्याहून वाईट, ते सरकारी झाले होते. त्यांनी अर्जाची दुसरी प्रत खिशातून काढून अट वाचून दाखवली. निकाल असा लागला की पुढचं पाणी येईपर्यंत समोरच्या बोअरिंगवरून किशोरने प्रत्येक घराला दोन बादल्या नेऊन द्यायच्या, आणि शब्द बंद. सावित्रीबाई एवढंच म्हणाल्या, "पर्मनंट माणसाला असं शोभतं का रे." किशोरला वाटलं, बोअरिंगच्या खड्ड्यात आपणच उतरावं.

चोवीस बादल्या म्हणजे किती, ते वहीत लिहून कळत नाही. शेवटचं घर तिसऱ्या मजल्यावरचं, भाग्यलक्ष्मी अम्मांचं. अम्मा सहा महिन्यांपूर्वी राहायला आलेल्या. एकट्या, तेलुगू, साठीच्या. बिल्डिंगला त्यांच्याबद्दल एवढंच माहीत होतं की त्या सगळ्यांच्या आधी उठतात आणि गेटपुढे तांदळाच्या पिठाची मोठी रांगोळी काढतात.

किशोरने बादल्या ठेवल्या आणि भिंतीला टेकला. त्याच्या खिशातून वही खाली पडली. अम्मांनी उचलली, सहज उघडली, आणि वाचायला लागल्या. एक पान, दोन पानं. मग हळूहळू खाली बसल्या.

"किशोरबाबू, ये सब कौन बोले तुमना?"

"सगळ्यांनी, अम्मा. वोटिंग हुई."

"फ्रुगल, फळां वाला?"

"सात मतं पडली."

अम्मांनी वही मिटली. त्यांच्या उजव्या हाताच्या बोटाला अजून सकाळचं तांदळाचं पीठ होतं. किशोरने ते बोट बघितलं. मग वहीच्या काळ्या पुठ्ठ्यावर उमटलेला पांढरा ठिपका बघितला. गोल, टपोरा, चांगला ओळखीचा.

"अम्मा, वो तुम थे?"

"हौ. रोज लगाती थी मैं," अम्मा शांतपणे म्हणाल्या. "तुम रोज पोंछ डालते थे."

मग हळूहळू उलगडलं. अम्मांनी तीस वर्षं एका वकिलाच्या ऑफिसात टायपिंग केलं होतं. हजारो दावे, करार, नोटिसा त्यांच्या बोटांखालून गेलेल्या. पहाटे रांगोळी झाली की येता-येता फळ्यावर बोट टेकवायच्या. मग सांगितलं का नाही? तर पहिल्या दिवशी त्या हिम्मतरावांना सांगायला गेल्या होत्या, आणि त्यांनी काही ऐकायच्या आत पाण्याची वेळ सांगितली. नंतर कुणी विचारलंच नाही. "सात लोगां एक तरफ," अम्मा म्हणाल्या, "मैं अकेली क्या झगडती?"

किशोरला आधी स्वतःचा राग आला, मग हसू, मग एकदम सत्कार आठवला. त्याने भीतभीत विचारलं, "अम्मा, ऑब्सोलीट?"

अम्मांनी सांगितलं, कालबाह्य, मोडीत काढायला झालेला. किशोरने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. पुण्याच्या माणसाचा खोकला त्याला आता नीट ऐकू आला.

स्वयंपाकघरात आवकायाची, म्हणजे कैरीच्या मोहरी घातलेल्या लोणच्याची, मोठी बरणी होती. तिच्या तोंडाला फडकं, आणि फडक्यावर दाब म्हणून एक विटेएवढं पुस्तक. वकीलसाहेबांनी निरोपाला दिलेली डिक्शनरी. किशोर ज्यासाठी शहरभर फिरला, सातवा रकाना बघून परत आला, ती त्याच्या डोक्यावर दोन मजले लोणचं दाबत बसली होती.

बारा दिवस रोज संध्याकाळी तो तिसऱ्या मजल्यावर जायचा. आधी जुनी वही तपासली. एकशे वीस शब्दांपैकी लोकशाहीचे एकोणीस बरोबर निघाले. हिम्मतरावांचे चार. अम्मा शिकवायच्या नाहीत, फक्त वाक्य टाइप करून द्यायच्या, जुन्या मशीनवर, आणि म्हणायच्या, आता यातून तूच काढ अर्थ. नाही निघाला तर डिक्शनरी उघडायची. पानांना मोहरीचा आणि तेलाचा वास. चूक शब्द डोक्यातून काढणं नवीन घालण्यापेक्षा अवघड असतं, हे त्याला तेव्हा कळलं. फ्रुगल म्हटलं की आधी हिम्मतरावांची तिरकी रेघ दिसायची, मग मोहरीचा वास यायचा, आणि मग काटकसर. शेवटी-शेवटी तर रेघेच्या आधी वास यायला लागला. म्हणजे तयारी झाली.

परीक्षेच्या सकाळी हिम्मतराव गेटवर थांबले होते. बादल्यांच्या दिवसापासून त्यांचं बोलणं बंद होतं, पण आशीर्वाद हा त्यांच्या मते खात्याचा विषय होता. त्यांनी किशोरला बाजूला घेतलं. "मियां, एक गुपित सांगतो. जे येत नाही तिथे तिसऱ्या अर्थावर खूण कर. खात्याच्या परीक्षेत मी असंच केलं."

"पास झालात, काका?"

"तीनदा बसलो," हिम्मतराव म्हणाले आणि विषय बदलला.

दोन जागा, अकरा उमेदवार. चाळीस शब्द. पहिला शब्द वाचला आणि मोहरीचा वास आला. दुसऱ्यालाही. किशोरचा पेन पळायला लागला. एकतीस झाले. उरले नऊ. हे नऊ त्याने जन्मात बघितले नव्हते. फळ्यावर नव्हते, बरणीवर नव्हते. शेजारच्याने खटाखट खुणा केल्या आणि पेपर पालथा घातला. किशोरचा पेन तिसऱ्या अर्थावर गेला. टेकणार, तेवढ्यात त्याला फळ्यावरची ती सात मतांची रांग दिसली. एकापाठोपाठ एक, न माहीत असलेल्या माणसांच्या रेघा, आणि त्या बघून खाली वाकून लिहून घेणारा तो. त्याने पेन उचलला. मोडक्यातोडक्या इंग्रजीत खाली लिहिलं: हे नऊ शब्द मला माहीत नाहीत. सोमवारपर्यंत विचारून सांगतो.

पेपर दिला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने हैदराबादेत कुणाला तरी पत्ता सांगायला नकार दिला होता.

दुपारी एकेकाला आत बोलावलं. सुधीरसाहेब पेपर समोर ठेवून बसले होते. त्यांनी मराठीतच सुरुवात केली, पुण्याच्या स्वच्छ, इस्त्रीच्या मराठीत.

"बाकी दहा जणांनी एकही प्रश्न सोडलेला नाही. तुम्ही नऊ सोडलेत."

"हौ सर. येत नव्हते."

"अंदाजे खूण करायची. दोन-तीन लागले असते."

खरं सांगितलं तर हसतील, नाही सांगितलं तर विचार करत बसतील. दोन्हीत हसलेलं बरं. तो म्हणाला, "सर, असेच सगळे अर्थ अंदाजाने ठरवले मी. एक जण बरोबर सांगत होतं, तर त्याचंच पुसायला गेलो. बारा घरांचं पाणी गेलं."

मग त्याने सगळंच सांगितलं. शेंगांत गेलेली उत्तरं, दोन प्रतींतला अर्ज, रेघा, ठिपका, चोवीस बादल्या. सुधीरसाहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, विजय निवासला पुरलं असतं एवढं.

"म्हणजे त्या सत्कारात एकनाथरावांना तुम्हीच..."

"ते पण तसंच सर," किशोर खाली मान घालून म्हणाला. "सात मतांनी."

शनिवार-रविवार अम्मांच्या डिक्शनरीत गेले. नऊच्या नऊ शब्द सापडले. किशोरने ते अर्थासकट स्वच्छ कागदावर लिहिले. पण सोमवारी ऑफिसच्या आवक खिडकीवर कागद घेतला नाही. खिडकीतला माणूस विचारायला लागला, हा कागद कुणी मागवला होता का? नव्हता. मग न मागवलेल्या कागदाला आवक नंबर नसतो. नंबर नाही तर कागद नाही.

किशोर तसाच परत आला आणि थेट हिम्मतरावांच्या दारात उभा राहिला. दुसरा कुणी या रोगावरचा वैद्य नव्हता. पण औषध मागायचं तर आजार सांगावा लागतो. त्याने सांगितलं, काका, मी नऊ सोडले.

हिम्मतरावांनी हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवलं. "एकही नाही? तिसरासुद्धा नाही?"

"नाही काका. माहीत नव्हते तर नाही लिहिले."

हिम्मतरावांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. आपल्याला तीनदा का बसावं लागलं, हा कुणी न विचारलेला प्रश्न त्यांच्या डोळ्यांत येऊन गेला. मग ते खुर्चीत ताठ बसले आणि म्हणाले, "लिहून घे. न मागवलेला कागद कधी एकटा पाठवायचा नसतो. त्याला पुढे एक अर्ज लावायचा आणि याला म्हणायचं सोबतचा कागद. अर्जाला नंबर पडतो. सोबतच्याला कुणी विचारत नाही. आणि दोन प्रतींत."

मंगळवारी नंबर पडला. खिडकीतल्या माणसाने शिक्का मारताना किशोरकडे जरा आदराने बघितलं, जसा एक पहिलवान दुसऱ्याकडे बघतो.

नंतरचे दहा दिवस कसे गेले ते सांगण्यात मजा नाही. अकराव्या दिवशी सुधीरसाहेबांनी बोलावून पत्र हातात दिलं. एक्स्पोर्ट ऑफिस. सहा महिने बघू, मग पर्मनंट. "तुमच्यापेक्षा जास्त मार्कांचे तिघे होते," ते म्हणाले. "एकाला घेतलं. दुसऱ्या जागेवर मला असा माणूस पाहिजे होता जो परदेशी जाणाऱ्या पेटीवर काय लिहायचं ते माहीत नसेल तर येऊन विचारेल. आणि किशोर, त्या नवव्या शब्दाचा तुम्ही दिलेला अर्थ माझ्याही लक्षात नव्हता."

किशोर बसने नाही, तरंगतच बरकतपुऱ्याला आला. आईला पत्र दाखवलं. सावित्रीबाईंनी ते देवापुढे ठेवलं, पदराने डोळे टिपले, आणि डबा घेऊन पेढे आणायला निघाल्या. दारातच थबकल्या. पर्मनंट व्हायचं पत्र आल्याचे पेढे कसे वाटणार? मुलगा तर चार वर्षांपूर्वीच झालेला.

पण पेढे आज ताजे होते. त्यांनी आणलेच. संध्याकाळी घरोघर जाऊन सांगितलं, जिन्याखालच्या नळाला नवी तोटी बसली म्हणून. तोटी खरंच नवी होती, आणि पेढा खायला कुणी हरकत घेत नाही. नामदेवरावांनी दोन खाल्ले आणि तोटी एकदम फ्रुगल असल्याचं सांगितलं. हिम्मतरावांनी पेढा हातात घेतला, तोटीकडे बघितलं, मग सावित्रीबाईंकडे. "वहिनी," ते म्हणाले, "फार चांगली तोटी आहे. चार वर्षं वाट बघायला लावली, पण चांगली आहे." आणि आत गेले. सावित्रीबाई डब्याचं झाकण हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. मग हसल्या.

तिसऱ्या मजल्यावर किशोर स्वतः डबा घेऊन गेला. अम्मांनी पेढा खाल्ला, बोट पुसलं, आणि विचारलं, फळा कधीपासून चालू?

फळा परत चालू झाला तो नवीन अर्जाने. हिम्मतरावांनी या वेळी एका दिवसात मंजूर केला. दोन दुरुस्त्या होत्या. ठिपका वैध. आणि प्रत्येक शब्दाखाली चारऐवजी पाच ओळी, पाचवी ओळ: माहीत नाही.

पहिले तीन-चार दिवस पाचव्या ओळीकडे कुणी फिरकलं नाही. लोक तिच्यावरून नजर अशी नेत जशी उधारीच्या दुकानावरून नेतात. किशोर रोज सकाळी ऑफिसला जाताना बघायचा. चार अर्थांवर रेघा, एका अर्थावर ठिपका, आणि पाचवी ओळ कोरी.

पाचव्या दिवशी तो खाली आला तेव्हा साडेसहाच वाजले होते. गेटपुढची रांगोळी अजून ओली. फळ्यावर तीन शब्द. पहिल्याच शब्दाला अम्मांचा ठिपका दुसऱ्या अर्थापुढे लागलेला. बाकी कुणी आलेलं नव्हतं, एक सोडून. खाली, पाचव्या ओळीपुढे, एक रेघ होती. ठसठशीत, तिरकी. नळाच्या वेळेखालच्या सहीत असते तशी.

किशोरच्या हातात फडकं होतं, खिडकी पुसायला घेतलेलं. त्याने ते पाठीमागे धरलं आणि चौकटीत बघितलं. उद्या पाणी पहाटे सव्वापाच. खाली सही.

मागून नामदेवराव आले. फळ्यापुढे उभे राहिले, आणि सवयीने विचारलं, "काय किशोर, हवा कुणाची आहे आज?"

किशोरने पाचव्या ओळीकडे बोट दाखवलं. नामदेवरावांनी ती तिरकी रेघ ओळखली. बराच वेळ बघत राहिले. मग खडू उचलला, इकडेतिकडे बघितलं, आणि तिच्या शेजारी हळूच एक बारीक रेघ मारली.